रतनबाईंनी माझं मरण सांगितलं

मी कापणीच्या सणाआधी मरणार, हे आमच्या मंडळीत माझ्याआधी सगळ्यांना कळलं. त्या बुधवारच्या प्रार्थनासभेत मला डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा सगळे वळून माझ्याकडे बघत होते आणि शेजारच्या गेणूनं खिशातला रुमाल काढून मांडीवर तयार ठेवला होता. मला वाटलं, मी घोरलो असणार.

"काय झालं रे?" मी हळूच विचारलं.

"तुमी जाणार, मिस्त्री."

"कुठं?"

गेणूनं वर बोट केलं. मी वर पाहिलं. देवळाच्या छपराला पेलणारी एक लाकडी कैची कुजली होती आणि ती बदलायचं मी पावसाळ्याआधीच कबूल करून बसलो होतो. "हो, हो, जातो की," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सणाआधी नक्की." माझी ही तयारी बघून दोन बाया तिथंच रडायला लागल्या.

खरं काय ते गेणूनं घरी जाताना सांगितलं. रतनबाई डोळे मिटून उभ्या राहिल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, की हौशीराम मिस्त्री कापणीच्या सणाआधी प्रभूकडे जाईल. एवढं बोलून त्या खाली बसल्या, आणि त्यांना घाम फुटला होता म्हणे. मी म्हणालो, घाम मला फुटायला हवा होता.

ही गोष्ट छत्तीस सालची. मी लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये सुतार होतो. आमची ख्रिस्ती मंडळी लहान. शेडमधले फिटर, शाळेतले मास्तर, साहेबांच्या बंगल्यांवरचे माळी नि खानसामे, आणि परंदवडी-शिरगावकडून रविवारी उपासनेला येणारी चार घरं. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. मंडळीत कुणी गेलं की पेटी मी करायचो, आणि पेटीत निजलेल्यानं आजवर तक्रार केली नव्हती.

रतनबाई मंडळीच्या बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, गाणी शिकवायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, हे त्यांचं काम. पगार बेताचा, आणि राहायला देवळामागची एक खोली. नवरा तरुणपणीच गेलेला. अनवाणी चालून त्यांच्या टाचा अशा झाल्या होत्या, की मी त्यांना एकदा पॉलिशपेपर देऊ का म्हणून विचारलं होतं. त्या हसल्या होत्या. मी हे दोन वर्षं लक्षात ठेवलं होतं, यावरून काय ते समजा.

त्यांना भविष्य सांगण्याचं दान मिळालं ते असंच एका बुधवारी. जुन्या काळचे भविष्यवादी राजांना धमकावत, राष्ट्रांना इशारे देत. रतनबाईंना राष्ट्रांबद्दल कधी एक अक्षर आलं नाही. त्यांच्या तोंडून पहिलं वचन निघालं ते असं, की येत्या रविवारी उपासना चालू असताना देवळात एक काळी शेळी येईल.

आता यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण आमचे पाळकसाहेब नगरहून नवेच आलेले, आणि माणूस नियमाचा. ते उठले आणि म्हणाले, "शास्त्राचा नियम स्पष्ट आहे. सांगितलेलं घडलं नाही, तर सांगणारा देवाकडचा नव्हे. मग बाईंना मिशनच्या कामावर ठेवता येणार नाही. खोलीही सोडावी लागेल. शेळी आली तर आनंदच आहे." रतनबाईंनी कुणाकुणाच्या बाळंतपणात रात्री काढल्या होत्या, कुणाच्या मेलेल्या आईला न्हाऊ घातलं होतं. शेळी न आली तर काय, हा विचार प्रत्येकाच्या मनात आला आणि कुणीही तो दुसऱ्याला सांगितला नाही.

रविवारी पहिलं गाणं संपायच्या आत पाच काळ्या शेळ्या आल्या. एक गेणूची. एक त्याच्या बायकोची, शालूबाईची, तिनं नवऱ्याला न सांगता माहेराहून आणवलेली. एक शेजारच्या महिपती फिटरची, आणि एक कुणाची ते आजतागायत कळलेलं नाही. पाचवी माझी होती. मला काळी मिळाली नाही, म्हणून लाकडाच्या वखारवाल्या बद्रुद्दीनशेठची पांढरी मागून आणली आणि इंजिनाच्या काजळीनं रंगवली. ती नेमकी जाऊन पाळकसाहेबांच्या झग्याला अंग घासत उभी राहिली. त्यांनी आशीर्वादाला हात वर केले तेव्हा एक बाही पांढरी होती आणि दुसरी काळी. "प्रभूनं एक सांगितली," ते हात तसेच धरून म्हणाले, "आणि पाच दिल्या!"

त्यानंतर आम्ही या कामात सराईत झालो. शालूबाईचं दूध उतू जाईल, असं वचन आलं की शालूबाई चूल पेटवून शेजारणीकडे गप्पा मारायला जायची. गेणूचं बैलांचं जू चोरीला जाईल, असं आलं आणि महिपतीनं बिचाऱ्यानं ते पाठीवर घालून टेकडीपलीकडे नेऊन टाकलं. एकदा वचन आलं, की पाळकसाहेब उपदेशात तीनदा शिंकतील. दोन शिंका आपोआप आल्या. तिसरी येईना. उपदेश लांबत चालला, मुलं पेंगली, बाहेर दुपारची गाडी येऊन गेली. शेवटी गेणूनं पुढच्या बाकावरून तपकिरीची डबी उघडून धरली. पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, रतनबाईंकडे पाहिलं, आणि चिमूट घेतली. त्या दिवसापासून ते मला आवडायला लागले होते.

आणि अशा मंडळीत माझं मरण सांगितलं गेलं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब माझ्या क्वार्टरवर आले. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत, मरणाऱ्याच्या घरी उभंच राहतात तसे उभे राहिले.

"बंधू हौशीराम, तुमची कालची तयारी बघून मंडळीची फार उन्नती झाली."

"साहेब, मी छपराबद्दल बोलत होतो."

"छपराचंही बघून घ्या," ते म्हणाले. "आणि एक नाजूक गोष्ट. पेट्या तुम्ही करता. तुमची कोण करणार?"

"पण मला काही झालेलं नाही! साधा खोकला नाही. काल दोन भाकऱ्या खाऊन वर भात खाल्लाय."

"खोकल्यावाचूनही नेता येतं." मग त्यांचा आवाज खाली आला. "सणाला पुण्याहून मिशनचे पाहुणे येणार आहेत. रतनबाईंच्या दानाची गोष्ट तिथवर पोचली आहे. त्या सुमाराचं त्यांचं वचन खरं होतं की नाही, हे पाहुण्यांना स्वतः पाहायचं आहे. मी काय करू? मीच कौतुकानं कळवून बसलो."

"म्हणजे मी जगलो, तर बाईंचं काम जाणार."

"मी तसं म्हणत नाही. मी फक्त नियम सांगतो."

"आणि मेलो तर?"

"तर मंडळी तुम्हाला कधी विसरणार नाही," असं म्हणून त्यांनी माझा हात घट्ट दाबला. मला त्या हाताचा राग आला. मरणार असल्यासारखाच दाबला होता त्यांनी.

मी रागानंच पेटी करायला घेतली. करायचीच तर अशी करतो, की बघणाऱ्यानं जळावं. वखारीत जाऊन बद्रुद्दीनशेठना उत्तम सागवान मागितलं. कशासाठी, ते सांगितलं. शेठनी चष्मा काढला.

"मिस्त्री, तुमच्या लोकांना दुसरा काही धंदा नाही का?"

"प्रश्न बाईंच्या खोलीचा आहे, शेठ."

"मग खोली बांधा! पेटी कसली बांधता?" पण फळ्या त्यांनी स्वतः निवडून दिल्या, आणि देवाकडे निघालेल्याशी घासाघीस करत नाही म्हणाले.

पेटीचं काम मी दाराशी, पिंपळाखाली चालवलं होतं, आणि अख्खी मंडळी ते बघायला यायची. कुणी काही बोलल्यावाचून जाईना. शालूबाई म्हणाली, खांद्यापाशी आवळ वाटती. गेणू आत निजून बघायचा आणि बाहेर यायला नाखूष असायचा. महिपती पेटीकडे बघत नव्हता, तो टेप घेऊन थेट माझ्या खोलीत शिरला. माझ्या क्वार्टरला आत नळ होता, त्याच्याला नव्हता.

"मिस्त्री, हितं कपाट बसंल का हो?"

"मी अजून राहतो इथं, महिपती!"

"राहा की," तो म्हणाला. "मी कुटं हाकलतोय? भिंत तेवढी सणाआधी पांढरी करून घेतो म्हणलं."

मग निरोप यायला लागले. पहिला शालूबाईचा. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि लाजत म्हणाली, "मिस्त्री, आमची आई भेटंल तुमाला. तिला म्हणावं, तांब्याची घागर घावली. गोठ्यातच व्हती. ती जाताना उगं जावेवर संशय घेऊन गेली." मी बरं म्हणालो. मग कोणी सांगितलं, आमच्या थोरल्याला म्हणावं, तुझी पोरगी शिकतीय. एका म्हाताऱ्यानं नुसतं एवढंच सांगितलं, की गुडघा बरा आहे. सुरुवातीला मला यांचा संताप यायचा. नंतर नंतर असं झालं, की संध्याकाळी कुणी निरोप घेऊन आलं नाही तर चुकल्यासारखं वाटायचं. इतक्या माणसांच्या मनात इतकं बोलायचं राहून गेलंय, हे मला शेजारी राहून कधी कळलं नव्हतं. माझी बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मलाही तिला सांगायच्या चार गोष्टी सुचायला लागल्या.

पण सण जवळ आला, मावळात भात कापणीला आलं, आणि मी ठणठणीतच. तेव्हा मंडळीला काळजी लागली. महिपती एका सकाळी म्हणाला, "चला, नागफणीवर जाऊ. लय लांबवर दिसतं." नागफणीचा कडा असा, की पाय घसरला तर माणूस थेट कोकणात. मी म्हणालो, मला इथूनही बरंच दिसतं. दुसऱ्या दिवशी शालूबाईनं रानातल्या अळंब्यांची भाजी आणली.

"ओळखीच्या हायेत ना अळंब्या?"

"ओळखीच्या न्हाईत," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "पर दिसाया लय चांगल्या व्हत्या."

मी ती भाजी पिंपळाच्या मुळाशी ओतली. कुणाच्याही मनात पाप नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. शेळी आणली, दूध उतू घातलं, जू टेकडीपार नेलं. तशीच ही आणखी एक मदत.

त्याच दिवशी दुपारी रतनबाई आल्या. वचन आल्यापासून त्या माझ्यासमोर आल्याच नव्हत्या. फार वाळल्या होत्या. मी रंधा मारत होतो तो तसाच मारत राहिलो.

"मिस्त्री, तुमी कुणाच्या हातचं काही खाऊ नका," त्या म्हणाल्या.

"का?"

"आपली मंडळी लय कामाची हाय."

मी रंधा थांबवला. त्या पेटीच्या कडेला टेकल्या.

"तुमची शेळी पांढरी व्हती. माझ्या पदराला काजळी लागली, ती अजून निघाली न्हाई. मला सगळं ठाऊक हाय, मिस्त्री. दूध बी ठाऊक, तपकीर बी ठाऊक. मला वाटायचं, प्रभू काय आभाळातून शेळ्या टाकणार हाय? माणसांच्याच हातनं आणवणार. माझं काम बोलायचं, त्यांचं करायचं. पर आता..." त्यांनी पेटीवरून हात फिरवला. "किती गुळगुळीत केलीय हो ही."

"तुम्हाला खरंच तसं दिसलं होतं का? माझं?"

"दिसत काई न्हाई. तोंडातून निघतं. निघाल्यावर मलाच समजतं. त्या दिशी माझी नजर तुमच्यावर व्हती, तुमी पेंगत व्हता, आन् मनात आलं, हा माणूस एक दिवस जाईल. त्येचंच वचन झालं का प्रभूनं सांगितलं, मला न्हाई कळत." मग म्हणाल्या, "मी उपास धरलाय. रोज मागते, देवा, मला खोटी पाड."

"खोट्या पडलात तर खोली जाईल."

"जाऊ दे."

"मग कुठं जाल?"

"ते अजून निघालं न्हाई तोंडातून."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग मी विचारलं, "सगळ्यांनी निरोप दिलेत. तुमचा काही? मालकांना काही सांगायचंय?"

"न्हाई," त्या उठत म्हणाल्या. "माझा निरोप तुमी न्यायचा न्हाई. तुमी जायचंच न्हाई."

अख्ख्या लोणावळ्यात हे एक वाक्य मला कुणी म्हणालं नव्हतं. त्या गेल्यावर मी एकच फळी इतका वेळ रंधत बसलो, की ती पुठ्ठ्याएवढी पातळ झाली आणि टाकून द्यावी लागली.

त्या फळीपायी मी ठरवून टाकलं. या बाईला माझ्यामुळे रस्त्यावर येऊ द्यायचं नाही. माझा भाचा इगतपुरीला शेडमध्ये होता. सणाच्या दिवशी पाहुण्यांसमोर पेटीत निजायचं, पाहुणे पुण्याला परतले की उठायचं आणि इगतपुरीची गाडी धरायची, ती कायमची. पाळकसाहेबांना खोटं बोलावं लागणार नाही, ते डोळ्यांना दिसेल तेच सांगतील. तीस वर्षं ज्या माणसांत काढली त्यांना पुन्हा तोंड दाखवायचं नाही, याचं मला वाईट वाटत होतं. पण त्यांनी माझ्या भिंतीला चुना लावला होता, हे आठवलं की कमी वाटायचं.

पेटी न्यायला माणूस हवा, म्हणून गेणूला विश्वासात घेतलं.

"म्हंजी तुमी मरणार न्हाई?" त्याचा चेहरा पडला.

"मेल्यासारखा दिसणार. मग निघून जाणार. परत येणार नाही."

गेणूनं विचार केला. "म्हंजी यकून मरणारच," तो म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं.

सणाचा दिवस उजाडला. आमच्यात कापणीच्या सणाला प्रत्येक घर आपलं पहिलं पीक देवळात आणतं. नव्या आंबेमोहोराचे तांदूळ, भोपळे, काकड्या, अंडी, कोंबड्या, सगळं पुढच्या मेजासमोर मांडायचं. पाळकसाहेब प्रार्थना करतात, आणि मग तिथंच त्या वस्तूंचा लिलाव होतो. पैसे मंडळीला जातात. लिलाव पुकारायचा मान गेणूचा. नियम एकच: मेजासमोर जे ठेवलं गेलं ते प्रभूचं झालं, लिलाव झाल्यावाचून ते परत उचलायचं नाही. एका वर्षी महिपतीची छत्री चुकून काकड्यांत राहिली, तर त्याला स्वतःची छत्री बोली लावून घ्यावी लागली होती.

गेणूनं आणि महिपतीनं मला हातगाडीवरून आणलं. देवळात मुंगीला जागा नव्हती, तेव्हा त्यांनी पेटी नेऊन मोकळ्या जागी ठेवली, ती मेजासमोर, भोपळे आणि कोंबड्यांच्या डालग्याच्या मध्ये. अंगावर पांढरी चादर, झाकण उघडं. मी डोळे घट्ट मिटून घेतले. देवळात एक मोठा सुस्कारा झाला. दुःखाचा असेल, पण मला तो सुटकेचाच वाटला.

"सकाळीच गेले," गेणू म्हणाला. "लय शांतपणी."

पाळकसाहेब खरंच रडले. पुण्याचे पाहुणे दोन होते, एक गोरे आणि एक आपले. दोघेही उठून उभे राहिले, हे खुर्च्यांच्या आवाजावरून कळलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. तेवढ्यात कुणीतरी वाकून माझ्या कानात कुजबुजलं, "आन् आईला म्हणावं, घागरीला कल्हई बी केली." एक कोंबडी डालग्यातून मान काढून माझ्या चादरीवर सांडलेले तांदूळ टिपायला लागली. मी श्वास आवरून धरला.

रतनबाई उशिरा आल्या. त्यांच्या पावलांचा आवाज मला ओळखता आला. तो मधल्या वाटेनं आला आणि पेटीशी थांबला. मला वाटलं होतं, त्या प्रार्थनेला बसतील. त्या बसल्या नाहीत. त्यांनी माझ्या नावानं हंबरडा फोडला. मग फाडकन असा एक आवाज झाला, आणि लगेच दुसरा. मी पापणी किलकिली केली. त्या आपल्याच तोंडात मारून घेत होत्या. "या तोंडानं मारलं," म्हणत होत्या, "या तोंडानं." ओठ फुटून रक्त आलं होतं, आणि मंडळी नुसती बघत बसली होती.

गाडी, इगतपुरी, खोली, सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मी पेटीतून हात वर काढला आणि त्यांचं मनगट धरलं.

रतनबाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग दुसरा हात माझ्या नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग त्या मंडळीकडे वळल्या. फुटक्या ओठानं ओरडल्या, एवढ्या मोठ्या आवाजात, की बाहेरचा टांगेवाला आत डोकावला.

"जिता हाय! मी खोटी ठरले! देवाची स्तुती करा रं, मी खोटी ठरले!"

कुणीही स्तुती केली नाही. शालूबाईचं तोंड उतरलं होतं. महिपती पुटपुटला, की चुना फुकट गेला. एवढी माणसं होती देवळात, माझ्या जिवंत असण्याचा आनंद एकीलाच झाला होता, आणि तिचंच सगळं जाणार होतं.

पाळकसाहेबांचा चेहरा बघवत नव्हता. "बाई," ते म्हणाले, "याचा अर्थ तुम्हाला समजतो ना?"

"समजतो, साहेब."

"पाहुणे इथं आहेत. मला आता काही करता येणार नाही. खोली..."

"सोडते की. आजच सोडते!" एखादीला खोली मिळाली तर ती जशी म्हणेल तशा त्या म्हणाल्या.

पुढं काय करायचं, ते कुणाला सुचेना. प्रार्थना मोडली होती, मरण मोडलं होतं. गोरे पाहुणे दुसऱ्या पाहुण्यांना काहीतरी विचारत होते. गेणूला शांतता कधीच सोसत नाही. त्यानं गोंधळून आजूबाजूला पाहिलं, मेजासमोरच्या वस्तू पाहिल्या, आणि जे दर वर्षी करायचा तेच केलं.

"सागवानी पेटी!" तो ओरडला. "कोरी! पितळी कड्या! आतल्या मिस्त्रीसकट! बोला!"

मी उठून बसायला गेलो. "निजा," गेणू दबक्या आवाजात म्हणाला, "नियम हाय." मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मान डोलावली. मेजासमोर ठेवलेलं प्रभूचं.

"दोन रुपये," महिपती म्हणाला. "पर मिस्त्री काढून."

"तीन," शालूबाई म्हणाली. "मला तांदूळ ठिवायला व्हईल. मिस्त्री नगं."

"चार. मिस्त्री सोडून."

बोली चढत गेली. असं सागवान त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि काम माझ्याच हातचं, त्यामुळे मला जरा बरंही वाटलं. पण प्रत्येक बोलीच्या शेवटी मला काढून टाकत होते.

"गेणूभाऊ," रतनबाई म्हणाल्या. "मला पेटी नको. माणूस तेवढा द्या."

गेणू थांबला. असं त्याच्यापुढे कधी आलं नव्हतं. त्यानं पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी घाम पुसला आणि नियमाचा विचार केला.

"सुटा विकता येईल," ते शेवटी म्हणाले. "पाटीतले भोपळे आपण सुटेच विकतो."

"माणूस!" गेणूनं पुकारलं. "सुटा! बोला!"

रतनबाईंनी पदराची गाठ सोडली. "माझ्यापाशी अडीच आणे हायेत."

"अडीच आणे एक वार!"

मी मान वळवून महिपतीकडे पाहिलं. तीस वर्षांचा शेजारी. तो पेटीच्या कड्यांकडे बघत होता. शालूबाईनं माझी नजर चुकवली. भोपळासुद्धा त्या दिवशी चार आण्यांना गेला.

"अडीच आणे दोन वार!"

मला सगळ्यांचा राग आला होता, आणि तरी, कुणी वर बोलू नये, प्रभू, यांची सगळ्यांची तोंडं बंद ठेव, अशी जितकी कळवळून प्रार्थना मी त्या पेटीत केली तितकी जन्मात कधी केली नव्हती.

"तीन वार," गेणू म्हणाला, आणि मी उठलो.